शेंडा खुडलेली तूर
विद्यार्थ्याचा स्वभाव, त्याची उभारी आणि त्याचे यश यांविषयी एक पाठ



मृगाच्या पावसावर पेरलेली तूर दीडएक महिन्याची झाली, म्हणजे लातूर-नांदेडकडील जाणता शेतकरी तिचा शेंडा खुडतो. नवख्या माणसास वाटते, की हा आपल्याच हाताने आपल्या पिकाची हानी करीत आहे. परंतु शेंडा गेला, म्हणजे झाडाची सरळ वर जाण्याची धाव थांबते, बाजूंनी फांद्या फुटतात आणि शेंगा अधिक धरतात. मात्र रानात ओल असली तरच हे घडते. कोरड्या रानात शेंडा गेलेले झाड खुरटून जाते. शिवाय गारांनी झोडपलेल्या झाडाला 'याचा शेंडा खुडला' असे कोणी शेतकरी म्हणत नाही. हा दृष्टांत मनात धरून आजच्या पाठाकडे वळू या.

दहावी-बारावीचा निकाल लागला, की गावोगावी पारावर तीन निवाडे ऐकू येतात. एकाविषयी म्हणतात, 'पोर मुळातच हुशार.' दुसऱ्याविषयी म्हणतात, 'हा जन्माचाच आळशी.' तिसऱ्याविषयी म्हणतात, 'याच्या अंगी जिद्दच नाही.' बोलणारा बोलून घरी जातो. पण ज्याच्याविषयी ते बोलणे झाले, तो मुलगा किंवा ती मुलगी तो शब्द वर्षानुवर्षे उराशी बाळगते. म्हणून या निवाड्यांत खरे किती आणि खोटे किती, हे तपासून पाहणे हे पालकांचे, शिक्षकांचे आणि उपदेशकांचे कर्तव्य आहे.

१. स्वभावाचे पाच पैलू

मनुष्यस्वभावाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी पुष्कळ विचारांती स्वभावाचे पाच मोठे पैलू मानले आहेत. पहिला जिज्ञासा, म्हणजे नव्या गोष्टींची ओढ. दुसरा कर्तव्यदक्षता, म्हणजे हाती घेतलेले काम वेळेवर व नीटनेटके पुरे करण्याची सवय. तिसरा बहिर्मुखता, म्हणजे चारचौघांत मोकळेपणाने मिसळण्याची वृत्ती. चौथा मनमिळाऊपणा. आणि पाचवा चिंताशीलता, म्हणजे लहानसहान कारणाने मन अस्वस्थ होण्याचा कल. प्रत्येक माणसात हे पाचही असतात. भेद असतो तो केवळ प्रमाणाचा.

यांपैकी अभ्यासातील यशाशी कोणत्या पैलूचा संबंध अधिक, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. २००९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधक आर्थर पोरोपॅट यांनी जगभर झालेल्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्या सर्वांत मिळून सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश होता. छाननीअंती असे दिसून आले, की पाचही पैलूंत कर्तव्यदक्षतेचा गुणांशी संबंध सर्वांत दृढ आहे. तिच्यामागून जिज्ञासा येते. बहिर्मुखतेचा संबंध जवळजवळ नाहीच. म्हणजे वर्गात फडाफडा बोलणारा पोरगा पुढे जाईल आणि मागच्या रांगेत गप्प बसणारी पोर मागे राहील, ही आपली समजूत निराधार ठरते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बुद्धीचा वाटा बाजूला काढून पाहिले, तरी कर्तव्यदक्षतेचा संबंध तसाच टिकून राहिला. यावरून रोजचा अभ्यास रोज करण्याची सवय ही हुशारीहून निराळी अशी एक स्वतंत्र पुंजी आहे, हे उघड होते.

२. परंतु हा संबंध किती?

येथे घाई करू नये. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध मुळीच नसेल तर शून्य आणि पूर्ण असेल तर एक, असे माप धरले, तर कर्तव्यदक्षता व गुण यांचा संबंध ०.२२ च्या आसपास भरतो. साध्या हिशेबाने सांगावयाचे तर, विद्यार्थ्याविद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक पडतो त्याचे शंभर हिस्से केले असता सुमारे पाच हिश्शांचा उलगडा या स्वभावगुणाने होतो. उरलेल्या पंचाण्णव हिश्शांत बुद्धी आहे, शिकविणारा आहे, घरची स्थिती आहे, पोटाला मिळणारे अन्न आहे, दिव्याचा उजेड आहे, शाळेचे अंतर आहे. तेव्हा मुलाचे गुण पाहून त्याच्या स्वभावाचा निवाडा करणे म्हणजे धान्याचे एक पसाभर पाहून साऱ्या पेवाची किंमत ठरविण्यासारखे होय.

आपल्या प्रांताचा इतिहास हेच सांगतो. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. ज्या मुलाच्या घरी मराठी, शेतात मराठी, भजनात मराठी, त्याला उच्च शिक्षणासाठी परभाषेचा डोंगर चढावा लागे. त्या काळी या भागातून उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणारे थोडे होते. म्हणून मराठवाड्याची मुले पुण्याच्या मुलांहून आळशी होती काय? मुळीच नाही. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी या भागांतील मुलांना पदवीचे दार घराजवळ उघडले. मुले तीच होती. वाट जवळ आली.

आजही असेच एक उदाहरण डोळ्यांपुढे आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात व पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे वर्षाचे निम्मे दिवस फडात आणि कोपीत जातात. हजेरीपट त्याला अनियमित म्हणतो. पण पहाटेच्या काळोखात उठून धाकट्या भावंडाला सांभाळणारे, पाणी आणणारे ते पोर अनियमित नव्हे. त्याची शाळा त्याच्यापासून तुटली आहे. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. गावातील जाणत्यांनी हंगाम सुरू होण्याआधी शाळेत जाऊन तिची चौकशी केली, तर एखाद्या मुलाचे वर्ष वाचेल.

३. लातूरच्या पद्धतीपासून काय शिकावे

'लातूर पॅटर्न' हे नाव आज सर्वांस ठाऊक आहे. लातूर येथील राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचे नाव या पद्धतीशी जोडले जाते. नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच झाले. पुढे लातूरच्या इतर महाविद्यालयांनीही तीच वाट धरली. या पद्धतीत गुप्त विद्या काही नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी पुरा करावयाचा, वारंवार चाचण्या घ्यावयाच्या, उत्तरपत्रिका तपासून चूक कोठे झाली ते मुलाला दाखवावयाचे आणि तेच पुन्हा सोडवून घ्यावयाचे, इतकेच.

आता वर सांगितलेल्या कर्तव्यदक्षतेच्या दृष्टीने याचा विचार करा. ज्या मुलाच्या अंगी शिस्त कमी, त्याला या व्यवस्थेने आपली शिस्त जणू उसनी दिली. आठवड्याची चाचणी ठरलेली असल्यामुळे आज अभ्यास करू की उद्या, हा झगडा त्याच्या मनात उरलाच नाही. यावरून असा बोध घ्यावा, की कर्तव्यदक्षता केवळ माणसाच्या आत नसते. ती त्याच्या भोवतालच्या घडीतही असते. ज्या घरी दिवेलागणीला अर्धा तास पुस्तक उघडण्याचा नेम आहे, त्या घरात एक लहानसा लातूर पॅटर्नच चालू आहे.

परंतु या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लातुरात येणारी पुष्कळ मुले दहावीला आधीच चांगले गुण मिळवून आलेली असतात. तेव्हा साऱ्या यशाचे श्रेय पद्धतीला देता येत नाही. केवळ पाठांतर व प्रश्नपत्रिका यांवर भर दिल्याने जिज्ञासा मागे पडते, असा आक्षेपही अनेकांनी घेतला आहे. शिवाय उसनी शिस्त भीतीने दिली, तर धाक संपताच ती गळून पडते. आणि आकडे निष्ठुर आहेत. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस देशभरातून सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले; एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे प्रत्येकाने सारखेच कष्ट केले असते, तरी वीसांपैकी एकोणीस जणांना ती जागा मिळणे शक्य नव्हते. ज्या बापाने रान गहाण टाकून मुलाला शहरात ठेवले, त्याने हा हिशेब आधी समजून घ्यावा. मुलाला जागा मिळाली नाही याचा अर्थ मुलगा कमी पडला असाच होत नाही.

४. उभारी म्हणजे काय?

आता तिसऱ्या निवाड्याकडे वळू. 'जिद्द नाही' हा तो निवाडा. अमेरिकेतील अँजेला डकवर्थ यांनी २००७ पासून जिद्दीचा अभ्यास मांडला व तो फार गाजला. परंतु २०१७ साली मार्कस क्रेडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची छाननी केली, तेव्हा जिद्द ही बव्हंशी कर्तव्यदक्षतेचेच दुसरे नाव असल्याचे आढळले, आणि गुणांशी तिचा संबंधही बेताचाच निघाला. तिच्यातील चिकाटीचा भाग तेवढा उपयोगी ठरला. तेव्हा 'जिद्द धर, जिद्द धर' असे ओरडण्याने मुलाचा फारसा लाभ होत नाही.

उभारी ही याहून निराळी गोष्ट आहे. संकटाने खाली बसलेला मनुष्य पुन्हा उभा राहतो, ती उभारी. ती कोठून येते, याचा एक फार मोलाचा अभ्यास हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर झाला. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचे आयुष्य एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले चाळिशीत येईपर्यंत न्याहाळले. त्यांतील सुमारे तिसरा हिस्सा मुले दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे व्यसन वा मनोविकार अशा अनेक संकटांत वाढली. त्या संकटग्रस्तांपैकी दोन तृतीयांश मुलांना पुढे अभ्यासात किंवा वर्तनात अडचणी आल्या. परंतु एक तृतीयांश मुले धडधाकट, कामसू व प्रेमळ माणसे म्हणून वाढली.

त्यांच्यापाशी असे काय होते? काहींचा स्वभाव लहानपणापासून आनंदी व माणसाळू होता, हे खरे. पण बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठे माणूस असे होते, की जे त्यांना सोडून गेले नाही. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचा शिक्षक, कोणाचा शेजारी. आणखी आशेची गोष्ट म्हणजे, जी मुले किशोरवयात घसरली होती त्यांतील कित्येक तिशी-चाळिशीत सावरली. कोणी पुन्हा शिकण्याची संधी मिळाल्याने, कोणी स्थिर संसाराने, कोणी मंडळीच्या आधाराने. म्हणून उभारी हा छातीत बसविलेला दगड नव्हे. ती अनेक पदरांनी वळलेली दोरी आहे, आणि तिचे काही पदर मुलाच्या बाहेर, आपल्या हातांत असतात.

५. किल्लारीची साक्ष

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारी व आसपासच्या मुलखात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळले. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या सकाळी कित्येक मुलांपाशी ना घर उरले, ना पाटी, ना हाक मारावयास आई.

भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. त्यांतील अनेकजण शिकून आपापल्या पायांवर उभे राहिले. आता कोणी म्हणेल, की ती मुले जात्याच कणखर होती. पण १२०० मुले सर्वच्या सर्व कणखर स्वभावाची कशी निघतील? त्यांत भित्री असतील, हट्टी असतील, रात्री दचकून उठणारी असतील. त्यांना मिळाले ते असे: वेळेवर जेवण, ठरलेली शाळा, सोबती आणि नावाने हाक मारणारे मोठे माणूस. गारपीट झाली होती. तरी कोणीतरी रानात ओल राखली. जी मुले गावीच राहिली व आजोबांच्या किंवा चुलत्याच्या आधाराने वाढली, त्यांचीही गोष्ट हीच.

येथे एका चुकीपासून सावध राहावे. संकटाने माणूस घडतो, असे म्हणून काही लोक मुलांवर मुद्दाम कठोरपणा करतात. शेतकरी शेंडा खुडतो तो योग्य वयात, बेताने, ओल पाहून. मारहाण, चारचौघांत अपमान, उपास आणि तुलना ही खुडणी नव्हे; ती गारपीट आहे.

६. मग आपण काय करावे?

पहिले, निवाड्याचे शब्द बदलावे. 'तू आळशी आहेस' असे न म्हणता 'या आठवड्यात तीन दिवस अभ्यास राहिला, तो का राहिला?' असे विचारावे. पहिल्या बोलण्यावर इलाज नाही; दुसऱ्यावर आहे. कदाचित उत्तर असे येईल, की संध्याकाळी पाणी भरण्यात दोन तास जातात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा कित्येक मुलांची पुस्तके घागरींच्या रांगेत उघडली असतील. अशा मुलाला उपदेशापेक्षा एखादी घागर भरून देणारा हात अधिक उपयोगी.

दुसरे, नेम लहान ठेवावा. रोज चार तासांचा संकल्प आठ दिवसांत मोडतो. अर्ध्या तासाचा नेम वर्षभर टिकतो. कर्तव्यदक्षता ही वयाबरोबर वाढणारी गोष्ट आहे. पौगंडात ती किंचित ओसरते आणि विशी-तिशीत बहुतेकांमध्ये वाढते, असे अभ्यासकांना आढळले आहे. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाचा अव्यवस्थितपणा पाहून त्याच्या जन्माचे भाकीत करू नये.

तिसरे, नापास झालेल्याला वाट दाखवावी. लातूर विभागीय मंडळाच्या क्षेत्रात, म्हणजे लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांत, इतर महाराष्ट्राप्रमाणेच पुरवणी परीक्षा होते. शाळा सुटलेल्यास १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीस बसता येते. ही माहिती ज्याला हवी असते त्यालाच बहुधा ठाऊक नसते. ती गावागावात पोहोचविणे हे मोठे काम आहे.

चौथे, ते एक मोठे माणूस आपण व्हावे. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणाऱ्याच्या घरी सारे जातात. आपण त्या दिवशी दुसऱ्या घरी जावे, जेथे दार लोटलेले आहे. फार बोलू नये. चहा मागून प्यावा, आणि मुलाला नावाने हाक मारावी.

पाचवे, धोक्याची खूण ओळखावी. मूल जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, सोबत्यांना टाळीत असेल, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये व त्याला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, डॉक्टरांस दाखवावे. १४४१६ हा टेली-मानसचा शासकीय दूरध्वनी आहे. तेथे दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. परीक्षा पुन्हा देता येते. मूल पुन्हा आणता येत नाही.

सारांश असा: स्वभावाचा अभ्यासाशी संबंध आहे, पण तो बेताचा आहे आणि स्वभाव दगडावरची रेघ नाही. उभारी मुलात असते, तशीच ती त्याच्या भोवतीही असते. पुढच्या निकालाच्या दिवशी पारावर बसून कोणाचा शेंडा किती उंच गेला हे मोजण्यापेक्षा, आपल्या रानात ओल किती आहे हे प्रत्येकाने वाकून, माती हातात घेऊन पाहावे.

विचारासाठी प्रश्न

१. कर्तव्यदक्षता आणि हुशारी यांत भेद कोणता? आपल्या माहितीतील उदाहरण द्या.

२. 'लातूर पॅटर्न'ने मुलांना कोणती गोष्ट उसनी दिली? ती आपल्या घरी कशी देता येईल?

३. काउआई बेटावरील मुले आणि किल्लारीची मुले यांच्या आयुष्यांत कोणते साम्य दिसते?

४. आपल्या गावात ऊसतोडीमुळे शाळा तुटलेली मुले किती आहेत? त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय?

५. लहानपणी आपल्याला सोडून न गेलेले ते एक मोठे माणूस कोण होते? आज आपण कोणासाठी तसे आहोत?